सूत शाई पितं

कॉलेजातले पहिले चार-पाच महिने मी कुणाशी धड बोलले नव्हते, हे सांगितलं की आमच्या ऑफिसातल्या मुली हसतात. म्हणतात, मॅडम, तुम्ही आणि गप्प? पण ते खरं आहे. मी शेवटच्या बाकाच्या आधीच्या बाकावर बसायचे, कारण शेवटच्या बाकावर बसायलाही जरा धीटपणा लागतो. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. टर्म म्हणजे काय, जर्नल कुठून आणायचं, सर वर्गात आले की आधी उभं राहायचं की नाही, हे विचारायला घरी कुणी नव्हतं आणि वर्गात विचारायची लाज वाटायची. शिवाय घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि कॉलेजात अर्धं इंग्रजी. तोंड उघडायच्या आधी कुठली भाषा काढावी हे ठरवेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे ओटा आणि भिंतीपलीकडे कारखाना. त्या कारखान्यात नायना, म्हणजे माझे वडील, टॉवेल विणायचे. सकाळी आठला माग सुरू झाले की आमच्या फडताळातल्या पितळेच्या वाट्या हलक्या थरथरायच्या. आमच्या गल्लीत हळू बोलणारं माणूस सापडायचं नाही. साधं 'चहा घेता का' हेसुद्धा भांडल्यासारखं विचारायचे. वीज गेली आणि माग एकदम थांबले की सगळ्यांचे आवाज उघडे पडायचे, मग बायका आपापल्या ओट्यावर हसत सुटायच्या. अम्मा ओट्यावर सूप घेऊन विड्या वळत बसायची. तिची बोटं चालू आणि तोंडही चालू. दुपारी ती चिंचेचं चारू, म्हणजे पातळ सार, करायची, लसणाची फोडणी गल्लीच्या टोकापर्यंत जायची, आणि त्या गरम चारू-भाताबरोबर शेंगाचटणीचा गोळा. आज माझ्या घरी चारही शेगड्यांवर चार पदार्थ असतात, तरी ते चारू काही जमत नाही. चिंच तीच, लसूण तोच. बहुधा विड्यांच्या तंबाखूचा वास कमी पडत असावा.

पेनाचं सांगायचं तर बारावीला मराठीत वर्गात पहिली आले म्हणून शाळेनं मला एक शाईचं पेन दिलं होतं. हिरवं, चकचकीत, आत शाईची बंद नळी घालायची असलं. डबीत दोन नळ्या होत्या. त्या मी पुरवून पुरवून वापरल्या तरी दिवाळीच्या आत संपल्या. तसल्या नळ्या मिळतात का, हे विचारत मी मंगळवार पेठेतल्या बसवंतप्पांच्या दुकानात गेले. बसवंतप्पा वह्या, पेनं, पंचांगं विकायचे आणि मागच्या बाकड्यावर पेनं दुरुस्त करायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, नाकावर घसरलेला चष्मा आणि बोलण्यात अर्धं कानडी.

"नळी न्हाय यव्वा. त्या कंपनीची नळी यायची बंद झाली," त्यांनी पेन उघडून उजेडात धरलं. मग मागचा भाग ओठांना लावून जोरात फुंकर मारली. मी बघतच राहिले. "भोक न्हाय कुटं. आणि गंजायला पत्रा पण न्हाय, सगळं प्लास्टिक. मग नळी कशाला पायजे तुला? ही पाठीमागची अख्खी टाकीच हाय की! हिच्यात भर शाई."

"गळेल ना?"

"गळतंयच. गळू द्यायचं न्हाय, हेच तर काम हाय."

आणि त्यांनी ते काम मला दाखवलं. औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर घेऊन टाकीत शाई सोडायची. त्याआधी निबाच्या भागाला जे आटे असतात त्यांच्या मुळाशी बारीक रबरी कडं बसवायचं आणि आट्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, तेही काडीच्या टोकावर मावेल एवढंच. ते ग्रीस त्यांना पाणी शुद्ध करायच्या मशिनी दुरुस्त करणारा एक जण आणून द्यायचा. "मागाचं ग्रीस लावशील बघ तुझ्या गल्लीतलं," त्यांनी बोट रोखलं. "रबर खातंय ते. व्हॅसलीन पण न्हाय. आणि कुणाला द्यायच्या आधी एक दिवस उभं ठेवायचं, एक दिवस आडवं. दोन्ही दिवस कोरडं राहिलं तर ते पेन. न्हायतर ती पिचकारी."

त्यांनी एका टोपणात थोडं ग्रीस आणि सहा-सात कडी मला दिली. का दिली, मला आजही सांगता येणार नाही. बहुधा एवढ्या बारकाईनं ऐकणारं गिऱ्हाईक त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नसावं.

माझ्या पेनात आता चार नळ्यांची शाई एकदम मावू लागली. टाकी अर्धी पारदर्शक होती, तिच्यात शाई हिंदकळताना दिसायची. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं ते पाहिलं आणि आपलं बंद पडलेलं पेन पुढे केलं. मग तिच्या मैत्रिणीनं. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलानं, ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं, "ए शाईवाली, माझं पण कर की," असं म्हणून पेन माझ्या वहीवर टाकलं. शाईवाली! मला राग यायला हवा होता. मला इतका आनंद झाला की त्या तासाचं एक अक्षर उतरवून घेतलं नाही. नंतर मी अगदी वैद्यासारखी सल्ले देऊ लागले. टाकी अर्धीच्या खाली जाऊ देऊ नका, आतली हवा हाताच्या उबेनं फुगते आणि शाई बाहेर ढकलते. आपल्याकडच्या उन्हात तर पेन जेवल्यासारखं ढेकर देतं. हे मी एका दमात, मराठीत, न अडखळता म्हणायचे. पेनाबद्दल बोलताना कुठली भाषा काढावी हा प्रश्नच पडायचा नाही.

ही बातमी इतिहासाच्या मॅडमपर्यंत गेली. आमच्या कॉलेजात सगळे ज्यांना वचकून असत त्या या मॅडम. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीच्या साड्या नेसणाऱ्या. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि पर्समधून एक काळं पेन काढलं.

"तू पेनं दुरुस्त करतेस म्हणे. हे माझ्या वडिलांचं. अकलूजला शाळेत मास्तर होते ते. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातलं काढून दिलं. नळ्या मिळत नाहीत म्हणून पाच वर्षं नुसतं पडून आहे. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे, त्या दिवशी हे हातात असावं असं वाटतं. जमेल?"

मी हो म्हटलं. मान हलवून नव्हे, तोंडानं म्हटलं. मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि त्या हसण्याला कारण मी होते. घरी जाताना मला वाटत होतं, आता या कॉलेजात माझी एक जागा झाली.

घरी येऊन बघते तर टोपणातलं ग्रीस संपलेलं आणि कडं एकच शिल्लक, तेही या पेनाला सैल. बसवंतप्पांच्या दुकानाला कुलूप. गड्ड्याची यात्रा होती, ते नंदीध्वजाच्या मिरवणुकीबरोबर; आणि यात्रा आटोपली की बहिणीकडे मंद्रूपला जाऊन आठ-दहा दिवस राहणार, असं शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. मी चोवीस तारखेपर्यंत रोज चक्कर मारली. कुलूप तसंच. त्या संध्याकाळी मी ओट्यावर पेन पुढ्यात ठेवून बसले होते, तेव्हा नायना कामावरून आले. केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा पांढरा भुगा. रोज तसेच यायचे. अम्मा त्यांना 'म्हातारा आला' म्हणायची.

"काय झालं बिड्डा?" ते मला बिड्डा म्हणायचे, लेकरू म्हणून.

मी सांगितलं. त्यांनी पेन हातात घेतलं, आटे फिरवले, सोडले, पुन्हा फिरवले.

"नळ बसवताना आटे गळू नयेत म्हणून काय गुंडाळतात?"

"सूत. पण त्यावर सफेदा लावतात."

"ते ढिलं गुंडाळणाऱ्याला. आपल्याला कशाला सफेदा?" असं म्हणून ते आत गेले आणि पुठ्ठ्याच्या कोनावरचं बारीक पांढरं सूत घेऊन आले.

नायनांच्या बोटांबद्दल थोडं सांगायला हवं. मागावर ताण्याचा धागा तुटला की तो शोधून, गाठ मारून माग पुन्हा सुरू करायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात आपली जांभई पुरी होत नाही. त्या बोटांनी त्यांनी प्रत्येक आट्यात एकेक धागा असा बसवला की सूत कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं ते दिसेना. वरून टाकी फिरवली. शेवटचा अर्धा वेढा घट्ट बसताना बारीक करकर आवाज आला.

"हाय का कुणाची टाप," ते म्हणाले, "गळून दाखवावं म्हणावं."

अम्मा विड्या बांधता बांधता म्हणाली, "जपून हां. बाईमाणसाचं पेन हाय, टॉवेल न्हाय."

मी शाई भरली, पेन पेल्यात उभं ठेवलं, निब वर करून. पंचवीस तारखेला सकाळी पाहिलं, कोरडं ठणठणीत. आडवं ठेवून पाहायला आणखी एक दिवस हवा होता. तो नव्हता. थोडा वेळ मात्र होता. सकाळी सातपासून कॉलेजला निघेपर्यंतचे तीन तास तर नक्की होते. पण मला ते आडवं ठेवायचंच नव्हतं. आडवं ठेवलं आणि गळलं, तर मॅडमना जाऊन 'नाही जमलं' सांगावं लागलं असतं. मी पेन रुमालात बांधून, उभं धरून, नेऊन दिलं. मॅडमनी कागदावर सही करून पाहिली. निळीभोर, सुरेख उमटली. मग त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं. आडवं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. मैदानावर आम्ही रांगा करून उभे. मॅडम मोतिया रंगाची साडी नेसून मंचावर आल्या, पर्समधून कागद आणि पेन काढलं आणि माईकसमोर उभ्या राहिल्या. बोलता बोलता त्यांनी कपाळावरची बट मागे सारली. भुवईवर एक निळा पट्टा उमटला. मग पाहुण्यांचं नाव घेताना हनुवटीला हात लावला. तिथेही. मग पदर सावरला. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू वाऱ्यावर पेटल्यासारखं रांगेरांगेतून पुढे गेलं. मॅडमना काय झालं ते कळेना. त्या अधिकच कडक चेहऱ्यानं सगळ्यांकडे पाहू लागल्या आणि तो कडक चेहरा निळ्या दाढीसह इतका विलक्षण दिसत होता की प्रमुख पाहुण्यांनीही रुमाल तोंडाला लावला. आज हे लिहिताना मलाही हसू येतंय, खोटं कशाला बोलू. तेव्हा मात्र बुंदीचा पुडा न घेताच मी घरी आले.

त्यानंतर मी कॉलेजला गेले नाही. पहिल्या दिवशी सुट्टी आहे म्हणाले, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाले. तिसऱ्या दिवशी अम्माला विड्यांची पानं कापून देऊ लागले आणि मनाशी ठरवूनही टाकलं की कॉलेज आपलं काम नाही; इथेच बसावं, पानं कापावी. बाहेरून परीक्षा देणाऱ्याही मुली असतात, असं स्वतःला सांगत होते. चौथ्या दिवशी विड्या वळणारी अम्माची बोटं थांबली.

"कॉलेजला सुट्ट्या लई झाल्या की गं."

नायना जेवत होते. त्यांनी वर पाहिलं. मग मला सगळं सांगावं लागलं. भुवई, हनुवटी, पदर, सगळं. अम्मा आधी पदराआड हसली, मग माझं तोंड बघून विड्यांकडे वळली. नायनांनी विचारलं, "गळालं कशानं पण?"

"तुमच्या सुतानं," मी म्हटलं.

हे वाक्य मी म्हटलं. आडवं ठेवून न पाहिल्याचं बोलले नाही.

नायनांनी हात धुतला. सुताचा एक हातभर तुकडा घेतला, माझी शाईची दौत उघडली, एक टोक आत सोडलं आणि दुसरं बाहेर लोंबतं ठेवलं. आम्ही तिघं दौतीभोवती बसून बघत राहिलो. निळा रंग सुतावरून चढला, दौतीचा काठ ओलांडला, पलीकडे उतरला, आणि थोड्या वेळानं फरशीवर एक थेंब पडला. नायनांनी कपाळावर हात मारला.

"सूत शाई पितं! अरे, आठ वर्षं रंगखात्यात काढली मी. लडी एका कडेनं बुडवली की रंग आपोआप वर चढतो, रोज बघितलं ह्या डोळ्यांनी. आणि पेनाला सूत गुंडाळलं! पलीता केला मी त्या पेनाचा." मग उठून म्हणाले, "उद्या मी येतो कॉलेजात. चूक माझी हाय. मी सांगतो बाईंना."

खरं सांगायचं तर त्यांनी येऊ नये असं मला वाटत होतं. मला त्यांच्या भुवयांवरचा भुगा डोळ्यासमोर दिसत होता, त्यांचं 'हाय-न्हाय' कानात ऐकू येत होतं, आणि मागच्या रांगेतलं ते फिसकन हसणंही. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. सकाळी ते लग्नाकार्याची पँट घालून, डोक्याला तेल चोपडून, खिशात सुताचा तुकडा ठेवून ओट्यावर उभे होते.

स्टाफरूममध्ये मॅडम चहा पीत होत्या. आणखी दोघे-तिघे सर होते. नायनांनी दारातच चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, "अहो, राहू द्या, या ना आत." पण ते अनवाणीच आत आले.

"बाई, मी हिचा वडील. पेनाला सूत मी गुंडाळलं. पोरीचा काय दोष न्हाय. सूत पितं, हे मला ठाऊक पायजे होतं. मी विणकर हाय."

"पितं म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

नायनांना तेच हवं होतं. त्यांनी खिशातलं सूत काढलं, "बाई, जरा बशी द्या," म्हणाले, आणि मॅडमच्या बशीत सांडलेल्या चहात एक टोक सोडलं. सगळे वाकले. चहा सुतावरून चढू लागला. एक इंच, दीड इंच. पदार्थविज्ञानाचे सर चष्मा वर करून म्हणाले, "अरे वा. केशाकर्षण!"

"काय म्हणाला सर?"

"याला केशाकर्षण म्हणतात. बारीक जागेतून पाणी आपोआप वर चढतं ते."

नायना त्यांच्याकडे बघत राहिले. "ह्याला नाव बी हाय?"

कुणी हसलं नाही. मीही हसले नाही, पण घाबरले होते म्हणून नव्हे. मला आठवलं की दहावीला मी त्याच शब्दाची व्याख्या पाठ करून दोन मार्क मिळवले होते. दोन ओळी, एक आकृती. त्या वेळी आणि नंतरही, घरात आठ वर्षं रोज ते डोळ्यांनी बघितलेला माणूस बसलेला असताना, मला ती व्याख्या आणि ते सूत एकच आहे हे कळलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं. आवाज गल्लीतल्यासारखा मोठा निघाला. "सुताची चूक नाही. पेन आडवं ठेवून बघायचं असतं, मला ठाऊक होतं. तीन तास होते माझ्याकडे. मी मुद्दाम नाही बघितलं. गळेल अशी भीती होती म्हणून."

नायनांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तुटलेला धागा नक्की कुठं आहे ते सापडल्यावर बघत असत, तसं.

मॅडमनी कप खाली ठेवला. "साडी धुतली. डाग गेला नाही," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याचा दोन दिवसांनी गेला. चार तास बुडवलेस ते मात्र राहिले, ते भरून काढ. आणि हे पेन घेऊन जा. घाई नाही, पण या वेळी दोन्ही दिवस ठेव." मग नायनांना म्हणाल्या, "तुम्ही बसा. चहा घ्या. नवीन सांगते, यातला नको."

ते पेन पुढे मी नीट केलं. बसवंतप्पा परत आल्यावर त्यांनी बरोबर मापाचं कडं काढून दिलं आणि नायनांच्या सुताची गोष्ट ऐकून त्यांचा चष्मा खाली पडेपर्यंत हसले. मॅडम निवृत्त होईपर्यंत ते पेन एकदाही गळलं नाही.

पण त्या दिवशी घंटा झाली, तेव्हा नायनांचा चहा अर्धा झाला होता. मी तिथेच घुटमळत होते. त्यांना फाटकापर्यंत सोडावं, की वर्गात जावं?

"जा की," ते म्हणाले. "मी काय हरवतो का? रस्ता आता माहीत हाय मला."

मी गेले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. सर अजून आले नव्हते. मी खिडकीजवळच्या बाकावर बसले आणि खाली पाहिलं. नायना मैदान ओलांडून फाटकापाशी पोचले होते. शिपायाला थांबवून ते काहीतरी सांगत होते. एका हातात चपला, दुसऱ्यात ते चहानं तपकिरी झालेलं सूत. शिपायानं मान वाकवून सुताकडे पाहिलं. एवढ्या लांबून ऐकू काहीच येत नव्हतं. पण ओठ हलताना दिसत होते, आणि पाच अक्षरांचा एकच शब्द ते पुन्हा पुन्हा, सावकाश, शिपायाच्या तोंडून वदवून घेत होते.